गेनबाची भोरातली दाढी

गुंजवण्याच्या गेनबाला पैशाची अडचण कधी आली नाही, कारण पैशाशी त्याची गाठच फारशी पडली नाही. उगीच हसू नका. राजगडाच्या पायथ्याला त्याची भातखाचरं होती, दारात बैलजोडी होती, गोठ्यात म्हैस होती. नांगर मोडला तर सुतार यायचा, फाळ बोथटला तर लोहार धार लावून द्यायचा, दाढी वाढली तर सोनबा न्हावी हत्यारांची धोकटी घेऊन ओट्यावर हजर. पैसे कोणी मागायचं नाही आणि हा द्यायचा नाही. मीठ-मिरची, कापडचोपड असल्या रोखीच्या भानगडी बायको बघायची. तिचं नाव ठकुबाई, आणि ती बघायची म्हणूनच घर उभं होतं.

ह्या व्यवहाराला बलुतं म्हणायचे. वर्षभर काम करा आणि सुगीला खळ्यावर या. भाताची रास पडली की मालकाच्या घरात दाणा जायच्या आधी ह्या मंडळींची सुपं भरायची. बौद्धवाडीतल्या साहेबरावांनी मात्र आधीच सांगून टाकलं होतं, की ती जुनी कामं आम्ही करणार नाही आणि ते धान्यही आम्हाला नको. त्यांच्या वाट्याच्या कामात मान नव्हता, तेव्हा त्यांनी केलं ते बरंच केलं. लोहार, सुतार, न्हावी यांचं मात्र एकोणीसशे सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारालाही गुंजवण्यात बिनबोभाट चाललं होतं.

त्यात न्हाव्याचा कायदा सगळ्यांत कडक. एका घराला एक न्हावी. सोनबानं गेनबाचं जावळ काढलं होतं, गेनबाच्या लग्नात नवरदेवाची हजामत केली होती, पुढं गेनबाच्या लेकीचं जावळही त्यानंच काढलं. आता म्हातारा झाला होता, हात थोडा कापायचा. गेनबाच्या हनुवटीवर अधूनमधून रक्ताचा थेंब यायचा, तेव्हा सोनबा तुरटी फिरवून वर त्यालाच दम द्यायचा, "हालतोस कशाला रं?" गेनबा दगडासारखा बसलेला असायचा, तरी मुकाट्यानं ऐकून घ्यायचा.

तर गेनबाची ही लेक बना लग्नाला आली होती, आणि तिला भोरच्या मानसिंगरावांच्या घरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा एस.टी.च्या कारखान्यात लागलेला. बनानं त्याला किकवीच्या जत्रेत लांबून पाहिला होता, आणि तेव्हापासून ती घरात भांडी कमी आपटायला लागली होती. ठकुबाईनं ते बरोबर हेरलं. "ही सोयरीक हातची गेली तर बघा," तिनं नवऱ्याला बजावलं. "तुमी जावा, मानसिंगरावांस्नी भेटा, थोडकं बोला, आन् शानपना करू नका."

नेमका सोनबा तेव्हा तापानं पडलेला. गेनबाची दाढी आठवड्याची. "भोरात करा दाढी," ठकुबाई म्हणाली, आणि तिनं एस.टी.चे पैसे आणि वर थोडे जास्तीचे त्याच्या कनवटीला स्वतःच्या हातानं बांधले.

मार्गासनीपर्यंत पायी, मग एस.टी., मग ती बदलून दुसरी एस.टी., असं करत गेनबा भोरला पोचला. गुंजवण्याच्या माणसाला त्या काळी भोर म्हणजे परमुलूखच. पेठेत चिमाजीचं दुकान होतं. आरसा समोर एक, मागं एक, आणि मधे फिरती खुर्ची. गेनबा आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसून भादरून घेत होता. साबणाचा फेस, कोमट पाणी, शेवटी वासाची पावडर. रक्ताचा एक थेंब नाही! समोरच्या आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि मागच्यात मान दिसली. आपली मान अशी आहे हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळलं.

मग तो उठला, पटका नीट केला, आणि मनापासून म्हणाला, "झ्याक हात हाय तुजा. सुगीला ये खळ्यावर. गुंजवण्याचा गेनबा म्हून इचार, कुनीबी घर दावंल."

आणि चालता झाला!

आता हे कसं घडलं ते नीट समजून घ्या, नाहीतर तुम्ही त्याला लबाड ठरवाल. कनवटीला पैसे होते. पण एस.टी.ला पैसे द्यायचे, कारण एस.टी. सरकारची, आणि सरकार काही सूप घेऊन खळ्यावर येत नाही. न्हाव्याला पैसे? असलं बापजन्मात कोणी केलं नव्हतं, त्याच्या डोक्यातच ते शिरलं नाही. हल्ली माणसं परदेशात जातात, तिथल्या दुकानात आपल्या गावच्या बँकेचं प्लास्टिकचं कार्ड दाखवतात आणि माल घेऊन बाहेर पडतात. पैसे मागाहून घरच्या बँकेतून जातात, आणि परमुलखात वापरलं म्हणून थोडा जास्तीचा आकारही पडतो. ह्याचं आपण केवढं कौतुक करतो! गेनबानं तेच केलं, फक्त त्याच्याकडं कार्ड नव्हतं. गुंजवण्यात चालणारी आपली पत भोरातही चालते अशी त्याची भाबडी समजूत होती, आणि तीत लबाडी तसूभर नव्हती.

चिमाजी बिचारा हातात वस्तरा धरून उभाच राहिला. दुकानात बसलेली गिऱ्हाइकं खो खो हसली, त्यामुळं त्याचं डोकं आणखी फिरलं. तो पायरीवर येऊन ओरडला, पण तोवर गेनबा वळणापलीकडं गेला होता.

मानसिंगरावांच्या घरी बैठक छान जमली. गेनबा खरोखरच थोडकं बोलला. भात कसं आहे, पाऊस कसा आहे, म्हैस किती देते. मानसिंगराव खूश दिसले. चहा झाला, पान आलं. ते म्हणाले, "आमच्याकडं असल्या गोष्टीत आमच्या न्हाव्याला इचारल्याबिगर पुढं जात न्हाई. जुना मानूस हाय, आमच्या घरच्या सगळ्या सोयरिकी त्येनंच जुळवल्या. बसा, आत्ता यील."

आणि दारात चिमाजी.

"ह्योच त्यो!" चिमाजी उंबऱ्यातूनच गरजला. "मालक, ह्या मानसानं फुकट दाढी केली माजी!"

"तुजी न्हवं, त्येची," मानसिंगराव म्हणाले, पण त्यांचा चेहरा बदलला होता.

चिमाजीनं सगळं सांगितलं, थोडं मीठमिरची लावून. गेनबाला आधी कळेचना की हा माणूस कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. त्याचा हात कनवटीकडं गेला. गाठ सुटली असती, चार नाणी खाली ठेवली असती, की मिटलं असतं. पण हात अर्ध्या वाटेत थांबला. आता पैसे काढले तर त्याचा अर्थ एकच, की मघाशी आपण बुडवून पळालो होतो.

"म्या काय चोर हाय व्हय?" गेनबा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, ठकुबाईची शिकवण कुठल्या कुठं गेली होती. "म्या ह्येला सुगीला खळ्यावर ये म्हनलो. आमच्यात न्हाव्याला तसंच द्येत्यात. आन् म्या दिला शबुद माघारी घेत न्हाई!"

"सगळेच म्हंत्यात सुगीला देतो," चिमाजी फणकारला. "आन् गुंजवन्यापत्तूर पाय कुनी तोडायचं? परगावचा आकार जास्त पडंल."

"घे की जास्त! सूप भरून घे!"

"भोरच्या मापानं का तुमच्या?"

"तू म्हनशील त्या मापानं!"

मानसिंगराव दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. त्यांना हसूही येत होतं आणि शंकाही येत होती. मुलीचा बाप असा असेल तर उद्या देण्याघेण्यात काय करील, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "गेनबाराव, रागवू नका. सुगीला चिमाजी तुमच्या खळ्यावर यील, संगट मीबी येतो. तुमचा शबुद खरा निघाला तर पुढचं बोलू. न्हाईतर राम राम."

घरी येऊन गेनबानं हे सगळं सांगितलं तेव्हा ठकुबाई परातीत पीठ मळत होती. ती मळायची थांबली. "पोरीची सोयरीक करायला धाडलं तुमास्नी," ती म्हणाली, "आन् तुमी न्हावी करून आलात!"

बनानं त्या संध्याकाळी घरातली सगळी भांडी पुन्हा आपटली.

गेनबा मात्र निर्धास्त होता. त्यात अवघड ते काय? सुगी येईल, रास पडेल, चिमाजीचं सूप भरू, सोयरीक होईल. तो खाचरांच्या बांधावर उभा राहून भाताच्या लोंब्या बघायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

सोनबा तापातून उठला आणि दाढी करायला आला. गेनबा समोर बसला. सोनबानं गालाला पाणी लावलं, वस्तरा चालवला, एक गाल झाला, दुसरा झाला. एक अक्षर बोलला नाही. गेनबाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. सोनबा दाढी करताना साऱ्या मावळाच्या बातम्या सांगायचा. कोणाची म्हैस व्याली, वेल्ह्याच्या कचेरीत कोण साहेब आला, कोणाच्या सुनेनं माहेर धरलं. आज नुसता वस्त्र्याचा आवाज. पुढच्या खेपेलाही तेच.

"सोनबातात्या, काय बिनसलंय का?" गेनबानं शेवटी विचारलं.

सोनबानं वस्तरा पुसला. "मला कशाला इचारतोस? दुसरा न्हावी केलास न्हवं तू? भोरचा. फेसाचा. सुगीला तुज्या खळ्यावर येनार हाय म्हनं. एस.टी.त आख्खं गाव बोलतंय." त्याचे डोळे भरून आले होते. "हात कापतो माजा, मला ठावं हाय. रगत येतं. पर तोंडावर सांगायचं हुतंस रं. म्या आपला निघून गेलो असतो."

गेनबानं कपाळावर हात मारला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं! खळ्यावर दुसऱ्या न्हाव्याचं सूप भरायचं म्हणजे पहिल्याला काढून टाकायचं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सांगायची गरज नाही, भांडायची गरज नाही, नुसतं दुसऱ्याचं सूप भरलं की झालं. ज्यानं आपलं जावळ काढलं त्या म्हाताऱ्याला आपण भर खळ्यात, चार लोकांदेखत, घरातून हाकलणार होतो. आणि न भरावं, तर बनाचं लग्न गेलं.

त्या दिवसापासून गेनबाची झोप उडाली आणि जेवण निम्म्यावर आलं. ठकुबाईला दया आली, पण ती तशी दाखवणारी नव्हती. "खळ्याभाईर द्या की त्येला," ती म्हणाली. "बांधावर. वाटंवर. सोनबा बघतोय कशाला."

"म्या खळ्यावर म्हनलोय."

"मग रोख द्या!"

"आता रोख दिलं तर मानसिंगराव काय म्हंतील? शबुद फिरवला म्हंतील."

"तुमचा शबुद!" ठकुबाई कडाडली. "बोलताना जिभंला हाड नसतं, आन् निस्तरायला आमी!"

इकडं आड तिकडं विहीर, आणि मधे गेनबा. असे दिवस काढता काढता भात पिवळं झालं, कापणी झाली, झोडणी झाली. सारवलेल्या खळ्यावर आंबेमोहराची रास पडली. त्या वर्षी भात असं पिकलं होतं की वास आळीभर पसरला होता, आणि गेनबा राशीकडं बघायचंही टाळत होता.

राशीची पूजा झाली, नारळ फुटला. लोहाराचं सूप भरलं, सुताराचं भरलं. सोनबा आपलं सूप आणि धोकटी घेऊन खळ्याच्या कडेला बसला होता. आत आला नव्हता. तेवढ्यात वाटेनं मानसिंगराव आले, आणि त्यांच्या मागं नवंकोरं सूप काखेत मारून चिमाजी. सूप चांगलं रुंद होतं. लांबून यायचा खर्च त्यानं सुपातच धरला असावा.

सगळं खळं वळून बघायला लागलं. घराच्या दारात ठकुबाई उभी, तिच्या खांद्याआडून बना बघतेय. गेनबानं एकदा बनाकडं पाहिलं. पोर रडत नव्हती, नुसती बापाकडं बघत होती, आणि त्यानंच त्याचं काळीज तुटलं.

"या," तो मानसिंगरावांना म्हणाला. मग चिमाजीकडं वळला. "चिमाजी, चुकी माजी हाय. म्या तुला खळ्यावर ये म्हनलो तवा मला वाटलं न्हावी म्हंजे न्हावी. पर ह्या खळ्याचा न्हावी सोनबातात्या हाय. हितं तेंचंच सूप भरंल. दुसऱ्या न्हाव्याला हितला दाना द्यायचा म्हंजे तेंना काढल्यावानी हाय, आन् ते म्या करनार न्हाई. तुजं रोख काय आसंल ते दामदुप्पट घे. मानसिंगराव, माजा शबुद खोटा पडला. पोरीचं..." इथं त्यानं पुन्हा दाराकडं पाहिलं. "पोरीचं नशीब."

आणि तो राशीजवळ मटकन खालीच बसला.

चिमाजी हातातलं रुंद सूप चाचपत उभा. तेवढ्यात कडेला बसलेला सोनबा गुडघ्यावर हात टेकत उठला आणि सूप जमिनीवर ठेवून, धोकटी काखेला लावून, तरातरा खळ्यात आला.

"ए भोरच्या!" सोनबा म्हणाला. "हिकडं ये. बस हितं."

"कशाला?"

"बस म्हनतो न्हवं! म्या आजारी हुतो तवा माज्या गिऱ्हाइकाची दाढी तू केलीस. म्हंजे काम माजं, ते तू केलंस. मग तुजं देनं कुनावर? गेनबावर? त्येचा काय समंद? त्यो देनं लागतो मला, आन् म्या लागतो तुला. आन् न्हाव्याचं देनं न्हावी दान्यानं फेडतो व्हय रं? दाढीनं फेडतो. बस!"

चिमाजीनं एकदा सोनबाच्या कापणाऱ्या हाताकडं पाहिलं आणि एकदा वस्त्र्याकडं. मग मुकाट खाली बसला. खळ्याच्या कडेला, साऱ्या गावादेखत, गुंजवण्याच्या न्हाव्यानं भोरच्या न्हाव्याच्या गालाला साधं पाणी लावलं.

"आन् परगावचा आकार?" चिमाजी बिनफेसाच्या गालानं कुरकुरला.

"मिशीबी कोरतो. हालू नको."

लोक हसायला लागले. गेनबा तेवढा हसला नाही. रक्त येऊ नये म्हणून तो सगळे देव आळवत बसला होता. थेंब आलाच, चिमाजीच्या हनुवटीवर, गेनबाला यायचा त्याच जागी. सोनबानं तुरटी फिरवली आणि त्याला दम दिला. चिमाजीनं गालावरून हात फिरवला, आणि काय झालं कोणास ठाऊक, तो मोठ्या माणसाशी बोलावं तसा हळू आवाजात म्हणाला, "तात्या, आसा वस्तरा माज्या बाच्या हातात बगितला हुता. माजी दाढी दुसऱ्यानं कवा केली त्ये मला आठवतबी न्हाई. मीच सगळ्यांच्या करत बसतो." मग तो मानसिंगरावांकडं वळला. "मालक, माजं पोचलं."

मानसिंगराव पुढं आले. गेनबा धडपडत उभा राहिला, कपड्यांवरचा भुसा झटकला. आता हे राम राम म्हणतील आणि वाटेला लागतील, असं त्यानं मनात धरलं होतं. भातही त्यांना नीट दाखवलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही, ह्याची त्याला लाज वाटत होती.

"गेनबाराव," मानसिंगराव म्हणाले, "पोरीचं लगीन मोडायची येळ आली तरी तुमी म्हाताऱ्या न्हाव्याला सोडलं न्हाई."

"चुकी झाली," गेनबा पुटपुटला.

मानसिंगरावांनी डोक्याची टोपी काढली. मुलाचा बाप मुलीच्या बापासमोर टोपी काढत नसतो. तिथं जमलेल्या एकानंही तसं कधी पाहिलं नव्हतं.

"पोरगी द्याल का आमास्नी?" त्यांनी विचारलं.

गेनबाला बोलताच येईना. त्याचे ओठ नुसते हालत होते, आणि ताज्या, सोनबानं सकाळीच केलेल्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. शेवटी दारातून ठकुबाईच ओरडली, "आवं, नको तिथं तोंड चालतंय तुमचं! देतो म्हना की!"